कोवळी ज्वारी आणि किराळ : जनावरे चरायला सोडण्यापूर्वी पाहून घ्या
(शेतकरी कार्यक्रमात झालेले भाषण)



आजचा विषय आहे जनावरांना लागणारी किराळ. पुसद भागात आणि आपल्या सगळ्या वऱ्हाडात हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी आहे. कोवळ्या ज्वारीत ढोर शिरले, पोटभर खाल्ले आणि तासाभरात पाय झाडून पडले, की म्हातारी माणसे म्हणतात, "किराळ लागली." अलीकडे ज्वारीचा पेरा कमी झाला, सोयाबीन वाढले, तशी ही माहितीही कमी झाली. तरुण शेतकऱ्यांपैकी पुष्कळांना किराळ हा शब्द ठाऊक नाही. पण ज्वारी काही आपल्या वावरातून अगदी गेलेली नाही. घरच्या भाकरीपुरती, कडब्यापुरती ती आहे. दुधाच्या धंद्यासाठी चाऱ्याची ज्वारी लावणारेही आहेत. धुऱ्यावर, पांदणीला, नाल्याच्या काठाने बरू उगवतो, तोही ज्वारीच्याच जातकुळीचा. तेव्हा धोका आहे तिथेच आहे. तो ओळखणारे डोळे मात्र कमी झाले. म्हणून चार गोष्टी सांगतो.

बैलजोडीची आजची किंमत तुम्हाला मी सांगायला नको. ऐन डवरणीच्या दिवसांत एक बैल गेला तर जोडी मोडते, काम अडते आणि भाड्याच्या जोडीसाठी दारोदार फिरावे लागते. ज्या बाईच्या घरचा मीठमिरचीचा खर्च दोन शेळ्यांवर चालतो, तिच्या दोन्ही शेळ्या एका संध्याकाळी जाऊ शकतात. आणि हे नुकसान बहुतेक वेळा टाळता येण्यासारखे असते.

ज्वारीत विष येते कुठून?

ज्वारीच्या कोवळ्या पानांत 'धुरिन' नावाचा एक पदार्थ असतो. १९०२ साली डन्स्टन आणि हेन्री या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी तो ज्वारीतून वेगळा काढून दाखवला. अरब लोक ज्वारीला 'धुर्रा' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. म्हणजे हा आपल्याकडचाच रोग नव्हे. जिथे जिथे ज्वारी पिकते, तिथे तिथे, आफ्रिकेत, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, गुरे राखणाऱ्यांना ही अडचण आहेच.

धुरिन स्वतः पानात गप्प बसलेले असते. पानाच्या पेशीत ते एका कप्प्यात आणि त्याला फोडणारे पाचक द्रव्य दुसऱ्या कप्प्यात, अशी निसर्गाची व्यवस्था आहे. पान चावले, तुडवले, चुरगळले किंवा उन्हाने मलूल झाले की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि त्यातून हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. यालाच प्रुसिक आम्ल असेही म्हणतात. सायनाइडचे विष म्हणतात ते हेच. कोवळेपणी किड्यामुंगीपासून आणि चरणाऱ्या तोंडापासून स्वतःचा बचाव करण्यासाठी झाडाने केलेली ही तजवीज आहे. ताट मोठे झाले, पोटरीतून कणीस बाहेर पडले, की विष कमी कमी होत जाते. दाणा भरलेल्या ताटात भीती बाळगण्याइतके ते राहत नाही. वाळलेल्या कडब्यात तर नाहीच. म्हणून वर्षभर कडबा खाणाऱ्या बैलाला काही होत नाही आणि तोच बैल वीतभर फुटव्याने मरतो.

गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी या रवंथ करणाऱ्या जनावरांना हे विष जास्त बाधते. त्यांच्या मोठ्या पोटात ओल असते, ऊब असते आणि असंख्य सूक्ष्म जंतू असतात. हे जंतू धुरिन झपाट्याने फोडतात. विष पोटातून रक्तात उतरते आणि शरीराच्या कणाकणात जाऊन तिथला श्वास बंद पाडते. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पण शरीराला तो वापरता येत नाही. विहीर तुडुंब भरलेली असावी आणि मोटार जळालेली असावी, तसे होते. म्हणूनच अशा जनावराचे रक्त लालभडक दिसते. ही खूण ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

किती खाल्ले तर धोका?

साधारण हिशेब असा, की जनावराच्या वजनाच्या दर किलोला २ मिलिग्रॅम विष थोड्या वेळात पोटात गेले तर जीव जाऊ शकतो. १०० ग्रॅम हिरव्या चाऱ्यात २० मिलिग्रॅम विष असले की तो चारा धोक्याचा समजतात. आता हा हिशेब आपल्या गोठ्यात मांडू. ३०० किलो वजनाच्या बैलाला ६०० मिलिग्रॅम विष पुरे. असा चारा त्याने ३ किलो खाल्ला की तेवढे झाले. भुकेला बैल ३ किलो हिरवा चारा किती वेळात खातो, हे तुम्ही जाणता. २५ किलोच्या शेळीला ५० मिलिग्रॅम पुरे, म्हणजे पाव किलो पाला. फार कोवळ्या फुटव्यांत विष याहूनही जास्त असू शकते, तेव्हा तिथे त्याहून कमी खाऊनही भागते.

यात एक गोष्ट आणखी आहे. शरीर थोडे थोडे विष स्वतः निकामी करून लघवीवाटे बाहेर टाकत असते. त्यामुळे तोच चारा दिवसभरात थोडा थोडा पोटात गेला तर जनावर तरून जाते, आणि एका दमात गेला तर मरते. भुकेले जनावर सर्वांत आधी का लागते, याचे उत्तर यातच आहे.

धोका कोणत्या वेळी?

आपल्या भागात वर्षातून चार वेळा विशेष सावध राहायला हवे.

पहिली वेळ पेरणीनंतरची. जूनच्या शेवटी किंवा जुलैत पेरलेली ज्वारी गुडघ्याला लागेपर्यंत विषारीच समजावी. या दिवसांत विरळणी होते. निंदायला आलेल्या बाया उपटलेली रोपे गवताच्या भाऱ्यात बांधून शेळ्यांसाठी घरी नेतात. भारा संध्याकाळपर्यंत धुऱ्यावर मलूल होत पडलेला असतो आणि शेळ्या दिवसभर खुंट्याला भुकेल्या असतात. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की घात होतो. भगिनींनो, गवताच्या भाऱ्यात विरळणीची ज्वारी घालू नका. मालकानेही निंदणीच्या बायांना हे आधी सांगावे.

दुसरी वेळ पावसाच्या ओढीची. जुलै-ऑगस्टमध्ये पंधरा-वीस दिवस पावसाने डोळे वटारले की ज्वारी खुंटते, पाने गुंडाळतात, ताट वीत-दीड वीतीवर थांबून जाते. अशा खुंटलेल्या ज्वारीत विष साचते. पीक हातचे गेले म्हणून शेतकरी ढोरे आत घालतो. निदान चारा तरी वसूल होईल, असा त्याचा विचार असतो. इथेच फसगत होते. शिवाय ओढीनंतर पाऊस आला की ज्वारी झपाट्याने कोंब फेकते आणि ते कोंब खुंटलेल्या ताटापेक्षाही वाईट. पाऊस पडला, हिरवे झाले, आता चारायला हरकत नाही, असे समजू नका. पिकाने पुन्हा जोमाने कंबरेएवढी वाढ घेईपर्यंत थांबा.

तिसरी वेळ कापणीनंतरची. दिवाळीच्या आगेमागे ज्वारी निघते. जमिनीत ओल असते किंवा एखादा अवकाळी पाऊस होतो, आणि धसकटांना हिरवेगार फुटवे येतात. रान मोकळे झालेले असते, गावची ढोरे वावरात सुटतात. सगळीकडे वाळलेले आणि मध्येच हे लुसलुशीत. ढोर आधी तिकडेच तोंड घालणार. आपल्याकडे किराळीचा मोठा फटका याच दिवसांत बसतो.

चौथी वेळ उन्हाळ्याची. विहिरीवर, कालव्यावर चाऱ्याची ज्वारी लावतात. पाणी कमी पडले की ती सुकते. चारा संपत आलेला असतो, म्हणून शेतकरी लवकर कापतो. कोवळे, तहानलेले आणि घाईने कापलेले, असे तिन्ही दोष एकाच चाऱ्यात येतात.

यात युरियाची भर पडते. नत्र जास्त आणि स्फुरद कमी पडलेल्या ज्वारीत विष अधिक होते. चारा लवकर वाढावा म्हणून भरमसाट युरिया टाकला, आणि तीच ज्वारी आठ-पंधरा दिवसांत कापली, तर गव्हाणीत आपण स्वतःच्या हाताने काय टाकतो आहोत याचा विचार करा.

चराईपूर्वी रान कसे पाहावे?

चरायला सोडण्यापूर्वी स्वतः एक चक्कर मारा. गायकीवर सोपवून मोकळे होऊ नका. गायकी पोरवयाचा असला तर त्याला काय पाहायचे हे दाखवून द्या. पाहण्याच्या गोष्टी पाच आहेत.

एक, उंची. ज्वारी, तिचा फुटवा किंवा बरू कंबरेच्या खाली असेल तर नको. फुलोऱ्यात आलेले पीक चालेल.

दोन, रंग आणि तरतरी. गर्द हिरवे, कोवळे, लुसलुशीत किंवा पाने गुंडाळून मलूल झालेले, दोन्ही नको.

तीन, मागच्या पंधरवड्यातला पाऊस. ओढ होती का? ओढीनंतर नुकताच पाऊस झाला का? असेल तर थांबा.

चार, खत आणि औषध. युरिया कधी टाकला, शेजारच्या पऱ्हाटीवर फवारणी कधी झाली, हे विचारून घ्या. फवाऱ्याचे औषध वाऱ्याने धुऱ्यावरच्या गवतावर बसते. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना माणसे विषबाधेने दगावली, हे आपण विसरलेलो नाही. ज्या औषधाने माणूस मरतो, त्या औषधाचे गवत ढोराला घालू नये. औषधाच्या डब्यावरच्या चिठ्ठीत जितके दिवस लिहिले असतील तितके दिवस तो धुरा बंद ठेवा.

पाच, दुसऱ्या विषारी वनस्पती. ई-क्लासच्या रानात आणि जंगलकडेला घाणेरी माजली आहे, तिला आपल्याकडे रायमुनिया म्हणतात. चांगले गवत असताना ढोर तिला तोंड लावत नाही, पण टंचाईत खाते. तिने काळीज, म्हणजे यकृत बिघडते, कावीळ होते, उन्हात गेले की अंगाची पांढरी कातडी भाजल्यासारखी सोलवटते. बेशरम, धोत्रा, कण्हेर, एरंड यांचा पालाही तसाच वाईट. गाजर गवताने दूध कडवट होते. ही झाडे चराईच्या रानातून उपटून काढणे हे एकट्याचे काम नाही, गावाने मिळून करावे.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, डोळ्याने पाहून विष थोडेच दिसते? बरोबर आहे. विषाची खरी परीक्षा पिवळ्या पट्टीने होते. गाळण कागदाची पट्टी सोडियम पिक्रेटच्या द्रावणात बुडवून वाळवतात. ती पिवळी असते. चाऱ्याचे बारीक तुकडे परीक्षानळीत घालून त्यावर क्लोरोफॉर्मचे थेंब टाकतात, पट्टी वर लोंबती ठेवून नळीला बूच मारतात. चाऱ्यात विष असेल तर त्याची वाफ पट्टीला लागते आणि पिवळी पट्टी विटकरी लाल होते. जितक्या लवकर आणि जितकी गडद लाल, तितका धोका जास्त. परीक्षा सोपी आहे, पण पिक्रिक आम्ल वाळले की स्फोटक होते, म्हणून ते घरी ठेवायचे नसते. आपण चाऱ्याचा नमुना घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे आणि तो प्रयोगशाळेकडे पाठवण्याची सोय करून घ्यावी. नमुना वावराच्या चार-पाच ठिकाणचा, कोवळ्यात कोवळा घ्यावा, न चुरगळता प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून त्याच दिवशी पोचवावा. विष उडून जाणारे आहे. दोन दिवस पिशवी तशीच घरात राहिली तर परीक्षेला अर्थ राहत नाही.

काही जण म्हातारे ढोर आधी सोडून पाहतात. ते बरे राहिले तर बाकीचा कळप सोडतात. ही परीक्षा खोटी आहे. ते ढोर कदाचित सावकाश खात असेल, पोट भरलेले असेल किंवा मोठ्या ताटाकडे गेले असेल. एक शेतकरी दादा म्हणाले होते, "साहेब, काल याच वावरात चरलं, काही झालं नाही, मग आजच कसं मेलं?" काल ते गोठ्यातून खाऊन निघाले असेल, आज उपाशी निघाले असेल. काल ताट ताजे होते, आज ते दुपारच्या उन्हाने मलूल झाले असेल. एवढ्याने फरक पडतो.

दुसरे विष : नायट्रेट

ज्वारीत आणखी एक विष साचते, ते म्हणजे नायट्रेट. मका आणि बाजरीत प्रुसिक आम्लाची भीती नाही, पण नायट्रेट त्यांच्यातही साचू शकते. भरपूर युरिया, मग पावसाची ओढ, अशा वेळी ताटाच्या खालच्या भागात ते साठते. जनावराच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते. रक्त चॉकलेटी होते.

दोन विषांतला मोठा फरक सांगतो. प्रुसिक आम्ल चारा कडक वाळवला की उडून जाते. नायट्रेट वाळवल्यानेही जात नाही. प्रुसिक आम्ल पानांत आणि कोंबांत असते, नायट्रेट बुडख्यात असते. म्हणून शंका असलेला चारा कापताना बुडखा हात-दीड वीत वर ठेवावा. आणि असा ओला चारा ढीग लावून रात्रभर ठेवू नये. ढीग आतून गरम होतो आणि त्यात नायट्राइट चाऱ्यातच तयार होते, ते अधिक जहाल.

लक्षणे कशी ओळखाल?

किराळीची लक्षणे खाल्ल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत, कधी तास-दोन तासांत दिसू लागतात. जनावर बेचैन होते. धाप लागते, तोंड उघडून श्वास घेते. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी गळते. अंगाचे स्नायू थरथरतात, चाल अडखळते, जनावर पडते, पाय झाडते. डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या होतात. पोट थोडे फुगलेलेही असते. पापणी उलटून पाहा, हिरड्या पाहा : सुरुवातीला त्या लालभडक दिसतात. नायट्रेटच्या विषबाधेत त्याच तपकिरी, निळसर दिसतात. तोंडाला कडू बदामासारखा वासही कधी कधी येतो. जहाल मात्रा असेल तर लक्षणे दिसल्यापासून पाव तासातही जनावर जाते.

पण आशा सोडू नका. लक्षणे दिसल्यावर जे जनावर दोन तास तग धरते, ते बहुधा वाचते. आणि वेळेवर इंजेक्शन मिळाले तर आडवे पडलेले ढोरही उठून उभे राहते.

तातडीने काय करावे?

पहिले काम : कळपातली सगळी ढोरे त्या रानातून ताबडतोब बाहेर काढा. पडलेल्या एकाभोवती सगळे गोळा होतात आणि बाकीची ढोरे तिकडे चरतच राहतात, असे करू नका. बाहेर काढताना पळवू नका, मारझोड करू नका. धावल्याने शरीराला प्राणवायू जास्त लागतो आणि तोच तर कमी पडलेला असतो.

दुसरे काम : पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलवा. १९६२ या क्रमांकावर फोन केला तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. फोनवर नुसते "ढोर पडले, लवकर या" एवढेच सांगू नका. काय खाल्ले, केव्हा खाल्ले, किती ढोरे आहेत, हिरड्यांचा रंग कसा आहे, रानात युरिया पडला होता का, एवढ्या पाच गोष्टी सांगा. याला कारण आहे. किराळीवर डॉक्टर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट ही औषधे शिरेतून देतात. पहिले औषध सायनाइडला पेशीतून ओढून घेते, दुसरे त्याचे निरुपद्रवी संयुग करून लघवीवाटे काढून टाकते. पण विषबाधा नायट्रेटची असेल तर सोडियम नायट्राइट हे आगीत तेल होईल, तिथे मेथिलीन ब्लू लागते. म्हणजे तुम्ही सांगितलेल्या एका रंगावर योग्य औषध ठरते. हे औषधोपचार डॉक्टरांनीच करायचे आहेत, मात्रा वजनावर ठरते.

तिसरे : डॉक्टर येईपर्यंत जनावर सावलीत, डोके उंच राहील असे छातीवर बसते ठेवा. मानेचे दावे सैल करा. आपल्याकडे गुळाचे पाणी, ताक, तेल पाजण्याची रीत आहे. जनावर शुद्धीवर असेल, उभे असेल, स्वतः घोट घेत असेल तर गुळाचे पाणी द्यायला हरकत नाही. पण पडलेल्या, धाप लागलेल्या जनावराचे तोंड वर करून बाटली रिचवू नका. पाणी फुप्फुसात जाते आणि विषाने न मेलेले ढोर पाण्याने मरते. कान कापणे, डाग देणे हे प्रकार तर अजिबात नकोत, त्यात मोलाचा वेळ जातो.

ढोर मेले तर

आता जरा नाजूक गोष्ट बोलतो. धडधाकट बैल तासाभरात मेला की पहिला संशय माणसावर जातो. शेजाऱ्याने धुऱ्यावर औषध टाकले, भाऊबंदाने डाव साधला, कुणाची नजर लागली. बोलाचाली होते, पोलीस ठाण्यापर्यंत प्रकरण जाते, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार एका बैलापायी तुटतो. नाहीतर सगळा दोष गायकीच्या माथी मारून त्याची वर्षाची मजुरी कापतात. म्हणून खरे कारण कळणे हे जितके पुढच्या ढोरांसाठी गरजेचे, तितकेच गावाच्या शांततेसाठीही गरजेचे आहे.

तेव्हा ढोर मेले तर परस्पर पुरू नका. डॉक्टरांना कळवून शवविच्छेदन करून घ्या. विमा असेल तर त्याच्या दाखल्याशिवाय काम होत नाही. कानातला बिल्ला जागेवर राहू द्या. ढोर ज्या ठिकाणी चरले तिथला चारा पिशवीत बांधून ठेवा, जमले तर बर्फात ठेवा. मेलेल्या ढोराच्या नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त येत असेल तर ती फाशी रोगाची शंका समजा. अशा वेळी त्याला हात लावू नका, कातडे काढू नका, चिरू नका. तो रोग माणसालाही होतो. पुढे काय करायचे ते डॉक्टरच सांगतील.

मग ज्वारीचा चारा लावू नये की काय?

जरूर लावावा. ज्वारीसारखा गोड, भरपूर आणि कमी पाण्याचा चारा दुसरा नाही. आपल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे सुपुत्र वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांनी संकरित ज्वारीचा ध्यास घेतला आणि ती महाराष्ट्राच्या वावरावावरांत पोचवली. सी.एस.एच. १ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण १९६४ साली आला. १ जुलै हा त्यांचा जन्मदिवस आपण कृषी दिन म्हणून पाळतो. ज्या मातीतून ज्वारीचा एवढा प्रसार झाला, तिथे ज्वारीची भीती घालायला मी आलेलो नाही. तिच्याशी वागायची रीत तेवढी सांगतो आहे.

एका कापणीची चाऱ्याची ज्वारी निम्मे पीक फुलोऱ्यात आल्यावर कापा. अनेक कापण्या देणाऱ्या वाणाची पहिली कापणी ५५ ते ६० दिवसांनी घ्या, आधी नको. उन्हाळी पिकाला कापणीपूर्वी पाणी तोडू नका. ताण पडला असेल तर पाणी देऊन पिकाला पुन्हा वाढू द्या. युरिया एकदम न देता हप्त्याने द्या आणि स्फुरदाची मात्रा चुकवू नका. हिरवी ज्वारी एकटी न घालता कुटार, कडबा किंवा वाळलेल्या गवतात मिसळून, कुट्टी करून घाला. बियाणे घेताना चाऱ्यासाठी शिफारस केलेला वाण मागा. धान्याचे उरलेले बी चाऱ्यासाठी दाट फेकू नका.

खुंटलेले पीक वाया गेले असेही समजू नका. ते कापून पातळ पसरा, दोन-तीन वेळा उलथापालथ करून कडक उन्हात करकरीत वाळवा आणि मग घाला. अर्धवट वाळलेले मात्र नको, मलूल चारा ताज्याहून वाईट. दुसरा उपाय मुरघासाचा. चांगला दाबून, हवाबंद करून सहा ते आठ आठवडे मुरू दिला तर प्रुसिक आम्ल बरेच कमी होते. खड्डा उघडल्यावर थोडा वेळ हवा लागू द्यावी, मग चारा काढावा. नायट्रेटची शंका असेल तर बुडखा सोडूनच कापावे आणि इतर चाऱ्यात मिसळून थोडे थोडे घालावे.

आणि सर्वांत स्वस्त उपाय : सकाळी ढोरे सोडण्यापूर्वी प्रत्येकापुढे वाळलेल्या चाऱ्याची एक पेंढी टाका. पोटाला आधार असलेले ढोर हावऱ्यासारखे खात नाही. या एका पेंढीने बैलजोडी वाचते.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१. ज्वारी, फुटवे आणि बरू कंबरेच्या खाली असेपर्यंत ढोरे सोडू नका.
२. पावसाच्या ओढीत खुंटलेली आणि ओढीनंतर नव्याने फुटलेली ज्वारी सर्वांत धोक्याची.
३. विरळणीची रोपे शेळ्यांना घालू नका.
४. कापणीनंतर धसकटांना फुटवे असतील तर ते वावर वखरून घ्या, मग ढोरे सोडा.
५. उपाशी ढोर हिरव्यात सोडू नका.
६. फवारलेल्या धुऱ्यावरचे गवत कापू नका, चारू नका.
७. मलूल चारा नको. ताजा फुलोऱ्यातला किंवा करकरीत वाळलेला घाला.
८. लक्षणे दिसताच सगळा कळप बाहेर काढा आणि १९६२ वर फोन करा.
९. हिरड्यांचा रंग डॉक्टरांना सांगा.
१०. पडलेल्या जनावराला काही पाजू नका.

बंधूंनो, हा कागद वाचून झाला की घडी करून ठेवू नका. गोठ्यात, दाराच्या मागे चिकटवा. गावच्या गायकीला वाचता येत नसेल तर पारावर त्याला वाचून दाखवा. रान रोज पाहणारा तोच आहे, आणि वेळेवर ढोर वळवणाराही तोच. आपल्या कोणाला शंका असेल तर आपल्या मंडळाच्या कृषी कार्यालयात किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात अवश्य विचारा.

येत्या दिवाळीत आपल्या सगळ्यांच्या गोठ्यातली दावणी भरलेली राहो, एवढे बोलून आपला निरोप घेतो. रामराम.